बाळाचे वाइप्स घरी करावेत का? कापड कोरडं, पाणी ताजं



गेल्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारचे दोन वाजले होते. हिमायतनगरच्या रस्त्यावर अशा वेळी चिटपाखरू नसतं, दवाखानाही रिकामा होता. तेवढ्यात एक सासू, सून आणि सुनेच्या मांडीवर अडीच महिन्यांची मुलगी अशा तिघी आल्या. सासूबाईंच्या हातात पिशवी होती.

"मी कवाची सांगायलेय साहेब, हे मोबाइलातलं काही करू नको म्हणून. ऐकतंय कोण?" बसायच्या आधीच त्यांनी तक्रार मांडली आणि पिशवीतून प्लास्टिकचा एक डबा काढून माझ्या टेबलावर ठेवला.

मी मोठ्या माणसांचा डॉक्टर, एम. डी. मेडिसिन. पण तालुक्याच्या गावात आजीचं बीपी तपासलं की पाठोपाठ नातही पुढे येते. त्यामुळे लहान बाळंही रोज पाहण्यात असतात.

मी डबा उघडला. आत पेपर नॅपकिनच्या रोलचे कापलेले तुकडे भिजवून ठेवलेले होते. आंबूस वास आला. तळाच्या थराला हिरवट झाक होती. हे सुनेनं घरी केलेले बेबी वाइप्स होते. पाणी उकळून गार केलं, त्यात थोडा बेबी शाम्पू, दोन चमचे खोबरेल तेल. व्हिडिओत कसलं तरी सुगंधी तेल सांगितलं होतं, ते घरात नव्हतं, म्हणून देव्हाऱ्यातल्या कापराची वडी कुस्करून टाकली. डबा भरून सहा दिवस झाले होते.

मुलीची शीची जागा आणि मांड्या लालभडक झाल्या होत्या. जांघेच्या घडीत कातडी सोलवटलेली, आजूबाजूला बारीक लाल ठिपके, दोन-तीन ठिकाणी पुवाच्या पुटकुळ्या. ताप नव्हता, दूध ती नीट पीत होती, एवढं बरं.

मी त्या मुलीवर, म्हणजे सुनेवर, रागावलो. लेकराच्या अंगावर असे प्रयोग करतात का, वगैरे. तिनं ऐकून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "सर, पुडा सव्वाशेचा येतो. पाच दिवस बी पुरत नाही. हे दुकानात कामाला आहेत. महिन्याला किती पुडे आणायचे?"

मी गप्प बसलो. तिचा प्रश्न बरोबर होता आणि माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. आजचा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे. (त्या कुटुंबाची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

आधी हिशोब करू

लहान बाळ दिवसातून आठ-दहा वेळा शी-शू करतं. दर वेळी दोन वाइप्स धरले तरी दिवसाला सोळा, महिन्याला जवळपास ४८०. पुड्यात ७२ वाइप्स असले तर महिन्याला सात पुडे. सव्वाशेच्या भावानं पावणेनऊशे रुपये. बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत हा खर्च चालू राहतो, आणि डायपर, औषधं, दूध यांचा खर्च वेगळाच. दुकानात काम करणाऱ्या किंवा दुसऱ्याच्या शेतात जाणाऱ्या माणसासाठी ही रक्कम लहान नाही.

म्हणजे पैसे वाचवायचा तिचा विचार अगदी योग्य होता. चुकलं ते एकाच ठिकाणी, आणि ते ठिकाण नेमकं कोणतं हे समजून घेणं महत्त्वाचं आहे.

त्याआधी एक गोष्ट सांगतो. वाइप्स वापरले नाहीत म्हणून बाळाचं काही अडत नाही. इंग्लंडमधल्या मँचेस्टरला २८० नवजात बाळांवर एक अभ्यास झाला, तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या बाळांना वाइप्सनं पुसलं, निम्म्यांना कापूस आणि साध्या पाण्यानं. दोन्ही गटांत त्वचेतला ओलावा सारखाच राहिला. म्हणजे चांगले वाइप्स वाईट नाहीत, आणि साधं पाणी त्यांच्यापेक्षा कमी नाही. पुड्याचे पैसे आपण मुख्यतः सोयीसाठी मोजतो.

विकतच्या पुड्यात असं काय असतं, जे घरच्या डब्यात नसतं?

पुड्यातला वाइप महिनोन् महिने ओला राहतो आणि तरी नासत नाही. का? कारण त्यात प्रिझर्वेटिव्ह, म्हणजे जंतूंची वाढ रोखणारी रसायनं घातलेली असतात. कारखान्यात ती मोजून, तपासून घालतात. ओल्या वस्तूचा पुडा विकायचा तर त्यावाचून चालतच नाही.

या रसायनांचीही एक बाजू आहे. मिथाइलआयसोथायाझोलिनोन नावाचं एक प्रिझर्वेटिव्ह वाइप्समध्ये बराच काळ वापरलं गेलं. काही मुलांना आणि मुलांना पुसणाऱ्या आयांच्या हातांनाही त्याची ॲलर्जी होऊ लागली. २०१३ साली अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं त्याला 'वर्षातला ॲलर्जेन' ठरवलं, आणि अंगावर तसंच राहणाऱ्या उत्पादनांत ते वापरायला युरोपात २०१७ पासून बंदी आली. वाइप पुसून झाल्यावर आपण जागा धूत नाही, त्यामुळे तोही त्यातच मोडतो.

हे ऐकलं की पुष्कळ जण म्हणतात, "बघा, केमिकल! त्यापेक्षा घरचं बरं." इथेच फसगत होते. रसायन काढून टाकलं म्हणजे जंतूंना मोकळं रान मिळालं, आणि डबा मात्र ओलाच राहिला.

घरच्या ओल्या डब्यात काय घडतं?

सून म्हणाली, "पाणी तर मी उकळलं होतं." खरं आहे. पण उकळलेलं पाणी शुद्ध असतं ते झाकण उघडेपर्यंत. आपण डब्यात हात घातला, अर्धवट धुतलेली बोटं लागली, हवेतली धूळ बसली, की जंतू आत गेले. त्यांना वाढायला तीन गोष्टी लागतात: ओलावा, ऊब आणि खाऊ. ओलावा डब्यात आहेच. ऊब आपल्या मराठवाड्यात फुकट मिळते. शाम्पूतले आणि तेलातले घटक, कागदाचा लगदा हा झाला खाऊ.

थोडं गणित करा. अनुकूल परिस्थितीत काही जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात. एकाचे दोन, दोनाचे चार. असं दहा तास चाललं तर एका जिवाणूचे दहा लाखांहून जास्त होतात. प्रत्यक्षात वेग कमी-जास्त असतो, पण सहा दिवसांत काय होत असेल याचा अंदाज यावा.

स्युडोमोनास नावाचा एक जिवाणू तर ओल्या जागेचाच रहिवासी आहे. साबणाची डबी, मोरीचा कोपरा, पाण्याची टाकी असं कुठेही तो राहतो. पाणी घालून पातळ केलेल्या अँटिसेप्टिकमध्येही तो तग धरू शकतो. डब्यात दोन थेंब अँटिसेप्टिक टाकलं की काम झालं, असं म्हणूनच समजू नका. कारखान्यातही हे घडू शकतं. २०१४ साली अमेरिकेत एका कंपनीला आपले बेबी वाइप्स दुकानांतून परत मागवावे लागले होते, कारण त्यात बर्कहोल्डेरिया सेपेशिया हा त्याच जातकुळीतला जिवाणू सापडला होता. सगळी यंत्रणा असताना हे होतं, तर आपल्या स्वयंपाकघरातल्या डब्याचं काय?

म्हणून लक्षात ठेवायचं ते एवढंच: घरी वाइप्स करायला हरकत नाही, ते भिजवून साठवायला हरकत आहे. कापड कोरडं ठेवा, पाणी ताजं घ्या, आणि दोघांची गाठ फक्त पुसायच्या वेळी घाला.

माझी स्वतःची चूक

सुनेवर मी रागावलो खरा, पण मला तो अधिकार नव्हता. का ते सांगतो.

१९९९ साली माझी मुलगी जन्मली. मी नुकताच एम. डी. झालो होतो. आई गावाकडून आली ती गाठोडं घेऊन. त्यात वडिलांच्या जुन्या धोतराची फाडलेली फडकी, दुपटी, लंगोट. शेकडो वेळा धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं कापड. मी ते पाहून नाक मुरडलं. जुनेर कापड, किती जंतू असतील! मग मी पुसायच्या पाण्यात दर वेळी झाकणभर अँटिसेप्टिक घालायचा नियम केला. घरात डॉक्टरचा शब्द, कोण मोडणार?

आठवड्याभरात मुलीची कातडी लाल झाली, मग सोलली. शू झाली की ती कळवळून रडायची. मी आईला म्हणालो, "तुझ्या फडक्यांनीच झालंय हे." आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती फडकी दोनदा उकळू लागली.

शेवटी मी मुलीला माझ्या एका ज्येष्ठ सरांकडे नेलं. त्यांनी पाहिलं आणि विचारलं, "पाण्यात काय घालतोस?" मी अभिमानानं सांगितलं. ते म्हणाले, "उद्यापासून घालू नकोस." बस, एवढंच. चार-पाच दिवसांत कातडी भरून आली. फडकी तीच होती.

आईची माफी मात्र मी मागितली नाही. राहून गेलं. आता ती नाही. टेबलावरचा तो डबा पाहताना आणि सासूबाईंचं सुनेला बोलणं ऐकताना मला ते आठवलं. घरात बाळाला काही झालं की आपण आधी दोष द्यायला माणूस शोधतो, कारण नंतर.

बाळाची कातडी इतकी नाजूक का?

मोठ्या माणसाच्या त्वचेवर किंचित आम्लाचा थर असतो. तो जंतूंना रोखतो. जन्माच्या वेळी बाळाच्या त्वचेवर हा थर तयार झालेला नसतो, पुढच्या काही आठवड्यांत तो हळूहळू बनतो. आपला नेहमीचा साबण क्षारयुक्त असतो, तो हा थर पुसून टाकतो. त्यामुळे दर शीनंतर साबण लावणं चूक.

लंगोटात किंवा डायपरमध्ये शी आणि शू एकत्र राहिली की शूपासून अमोनिया तयार होतो, जागा क्षारयुक्त होते, आणि शीमधली पचनाची द्रव्यं जास्त जोरात काम करू लागतात. ती अन्न पचवायला असतात, पण इथे कातडीच पचवू पाहतात. त्यात ओल आणि घर्षणाची भर. हाच डायपर रॅश. त्यावर कँडिडा नावाची बुरशी बसली की घड्यांमध्ये गडद लाली आणि बाहेर सुटे लाल ठिपके दिसतात. त्या मुलीला हेच झालं होतं.

म्हणजे पुसण्याचा उद्देश दोनच: शी-शू लवकर काढणं आणि जागा कोरडी करणं. सुगंध, फेस, चकाकी यांची बाळाला गरज नाही.

पद्धत: कापड कोरडं, पाणी ताजं

१. कापड निवडा. जुनं सुती लुगडं, धोतर, सुती ओढणी किंवा बनियन उत्तम. हल्लीच्या बऱ्याच साड्या पॉलिस्टरच्या असतात, त्या पाणी शोषत नाहीत. ओळखायचं कसं? कापडाचा एक दोरा काढून चिमट्यात धरून जाळा. सुताची राख होते आणि कागद जळल्यासारखा वास येतो. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. आणखी सोपं म्हणजे कापडावर पाण्याचा थेंब टाका, लगेच शोषला तर कापड चालेल.

२. तुकडे करा. वीतभर लांब, वीतभर रुंद. पंचवीस-तीस पुरतात. कडा दुमडून शिवून घ्या. हे टाळू नका. सुटलेला दोरा बाळाच्या पायाच्या बोटाला किंवा शूच्या जागेला गुंडाळला तर रक्तपुरवठा थांबू शकतो. कारण न कळता सतत रडणाऱ्या बाळाच्या बोटांना असा दोरा किंवा आईचा केस अडकलेला नाही ना, हे आम्ही डॉक्टर मुद्दाम पाहतो.

३. पहिल्यांदा वापरण्याआधी धुवा, दहा मिनिटं उकळा, कडक उन्हात वाळवा. पूर्ण वाळल्यावरच झाकणाच्या स्वच्छ डब्यात ठेवा. डबाही कोरडा हवा.

४. पाणी. सकाळी पाणी उकळा, झाकून गार करा, झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात किंवा थर्मासमध्ये ठेवा. पुसायच्या वेळी लागेल तेवढंच वाटीत ओता. वापरलेलं कापड मोठ्या भांड्यात कधीच बुडवू नका. वाटीत उरलेलं पाणी फेका. दुसऱ्या सकाळी भांडं घासून नवं पाणी. थंडीत कोमट करून घ्या.

५. पुसणं. आधी तुमचे हात साबणानं धुवा. पहिल्या ओल्या तुकड्यानं शी काढा, दुसऱ्यानं जागा स्वच्छ करा, तिसऱ्या कोरड्यानं टिपा. घासू नका. मुलींना नेहमी पुढून मागे पुसा, नाहीतर शीतले जंतू लघवीच्या मार्गात जातात. मुलांच्या शूची पुढची कातडी मागे ओढू नका. जांघेच्या घड्या उघडून टिपा. चिकट शी निघत नसेल तर तुकड्यावर साधं, काही न मिसळलेलं खोबरेल तेल दोन थेंब घ्या. शेवटी पुन्हा हात धुवा. तान्ह्या बाळाच्या शीला काही घाण नसते असं म्हणतात, ते खरं नाही. जुलाबाचे विषाणू तिच्यातूनच घरभर पसरतात.

६. धुणं. वापरलेल्या तुकड्यांना वेगळी, झाकणाची बादली ठेवा. शी संडासात टाका. नेहमीच्या साबणानं धुवा, पण दोन-तीन पाण्यांतून खळबळून काढा. कापडात राहिलेला साबण कातडीला झोंबतो. कपड्यांना सुगंध देणारी द्रव्यं नकोत. उन्हात दोरीवर वाळवा, जमिनीवर किंवा कुंपणावर नको. आठवड्यातून एकदा उकळा. पावसाळ्यात ऊन नसेल तर इस्त्री फिरवा. दमट तुकडा डब्यात गेला की बुरशी आलीच.

हे घालू नका

कापूर: त्वचेतून शोषला जातो. लहान बाळांना त्यानं झटके येऊ शकतात. सर्दीसाठी छातीला कापूर-तेल चोळण्याची सवयही बाळाच्या बाबतीत सोडा. निलगिरी आणि इतर तीव्र सुगंधी तेलंही नकोत.

बोरिक पावडर: सोललेल्या कातडीतून रक्तात जाते. तान्ह्या मुलांना तिची विषबाधा झाल्याच्या नोंदी वैद्यकात जुन्या आहेत.

टाल्कम पावडर: उडते आणि श्वासात जाते. घडीत तिचे गोळे होतात ते वेगळंच.

अँटिसेप्टिक, खायचा सोडा, तुरटी: माझा अनुभव वर वाचलात.

हळद: आपल्या भागात घरची हळद असते, म्हणून मोह होतो. पण सोललेल्या जागी कसलीही पूड नको.

औषध दुकानातली 'सगळ्यावर चालणारी' मलमं: अनेकांत तीव्र स्टेरॉइड असतं. दोन दिवस लाली जाते, म्हणून लोक खूश होतात. पण बाळाची कातडी पातळ पडते, बुरशी आतून वाढते, आणि डायपरखाली औषध जास्त शोषलं जातं. डॉक्टरला विचारल्याशिवाय लावू नका.

साध्या लालीसाठी झिंक ऑक्साइडचं मलम जाडसर थरानं लावा आणि दिवसातून काही वेळ बाळाला लंगोटाशिवाय मोकळं ठेवा. याहून स्वस्त आणि चांगलं औषध नाही.

हे धुणार कोण?

कापडाचा मार्ग स्वस्त आहे असं म्हणताना एक खर्च आपण धरत नाही. रोज पंचवीस-तीस तुकडे धुवायचे, वाळवायचे, घड्या घालायच्या, उन्हाळ्यात पाणीटंचाई असताना. हे काम आपोआप बाळंतिणीच्या अंगावर पडतं, जिची झोप आधीच पुरी होत नाही. पुडा विकत आणण्यामागे पुष्कळदा हा थकवा असतो, चैन नसते.

म्हणून त्या दिवशी मी सुनेला म्हटलं, "नवऱ्याला संध्याकाळी पाठवा." तो आला. त्याला मी पद्धत समजावली आणि सांगितलं, सकाळी दुकानात जायच्या आधी बादली तू धुवायची. तो हसला, पण हो म्हणाला. मी माझ्या मुलीचं एकही फडकं कधी धुतलं नाही, हेही त्याला सांगितलं.

मग विकतचे वाइप्स कधीच नकोत का?

तसं नाही. एसटीनं नांदेडला जायचं आहे, लग्नघरी आहात, पाण्याची सोय नाही, अशा वेळी जरूर वापरा. पुड्यावरचे घटक वाचा. बिनवासाचे, अल्कोहोल नसलेले घ्या, वर सांगितलेलं मिथाइलआयसोथायाझोलिनोन नसलेले घ्या. झाकण घट्ट लावा, मुदत पाहा. पुडा वाळला म्हणून त्यात पाणी ओतू नका. तसं केलं की प्रिझर्वेटिव्ह पातळ होतं आणि पुडा घरच्या डब्यासारखाच होतो. रॅश उठलेला असताना वाइप्स बंद ठेवा आणि फक्त पाणी वापरा. वापरलेले वाइप्स संडासात टाकू नका. बहुतेकांत प्लास्टिकचे धागे असतात, ते विरघळत नाहीत.

प्रवासात पैसे वाचवायचे असतील तर कोरडे तुकडे एका पिशवीत, उकळून गार केलेलं पाणी छोट्या बाटलीत, आणि वापरलेल्यांसाठी दुसरी पिशवी. एवढं पुरतं.

दवाखान्यात कधी यायचं?

बाळ एक महिन्याच्या आतलं असेल आणि अंगावर पुवाच्या पुटकुळ्या, बेंबीभोवती लाली, ताप किंवा अंग गार पडणं, दूध न ओढणं, सुस्ती यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी. १०८ ला फोन करा. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार मोफत आहेत.

मोठ्या बाळात लाली तीन दिवसांत कमी झाली नाही, कातडीतून पाणी किंवा रक्त येऊ लागलं, घड्यांमध्ये गडद लाली आणि बाहेर ठिपके दिसले, किंवा ताप आला तर दाखवा. येताना पुसायला काय वापरता, पाण्यात काय घालता, कोणतं मलम लावलं, हे सगळं सोबत आणा. त्या सासूबाईंनी डबा आणला म्हणून मला कारण एका मिनिटात कळलं. सुनेला बोल लावायलाच आणला असला, तरी उपकार झाले.

घरी येणाऱ्या आशाताईंनाही विचारा. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांत त्या बाळाला पाहायला अनेकदा येतात. या घरभेटींच्या कल्पनेमागे आपल्याच राज्यातलं काम आहे. गडचिरोलीच्या खेड्यांत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून घरीच नवजात बाळांची काळजी घेतली, आणि त्या गावांत नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आलं. हा अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. म्हणजे ज्या वर्षी मी आईच्या फडक्यांना नावं ठेवत होतो, त्याच वर्षी. घरातल्या बाईला नीट माहिती दिली तर ती काय करू शकते, हे त्यातून जगाला कळलं.

त्या मुलीला मी बालरोगतज्ज्ञ मित्राला फोनवर विचारून बुरशीचं मलम दिलं, झिंक ऑक्साइड दिलं, बाकी सगळं बंद केलं. आठव्या दिवशी तिघी परत आल्या. कातडी जवळजवळ भरली होती. या वेळीही सासूबाईंच्या पिशवीत डबा होता. आत घडी घातलेले सुती तुकडे, कडा हातानं शिवलेल्या.

"माझंच जुनं लुगडं हाय साहेब," त्या म्हणाल्या. "टाके हिनं घातलेत."

मी डब्यात हात घालून पाहिला. तुकडे कोरडे होते.

तुमच्या घरी बाळाला पुसायला काय वापरता? पाण्यात काही घालत असाल, तर आज रात्रीपासून घालू नका. चार दिवसांत फरक दिसला तर मला जरूर सांगा.